दापोली–हर्णै रस्त्यावरचा वाचनवर्ग : अमेरिकी शाळांतला अनुभव आणि आपली मुले

दापोलीहून हर्णैला जाताना आसूदच्या पुढे एका जुन्या चिरेबंदी घराच्या पडवीत तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी एक वाचनवर्ग चालतो. वर्ग चालवणाऱ्या बाईंनी अमेरिकेतील सरकारी प्राथमिक शाळांत बरीच वर्षे शिकवले आणि नंतर त्या सासरच्या या घरी परतल्या. आपले किंवा वर्गाचे नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे ते येथे देत नाही. रस्त्यावरच्या कोणत्याही दुकानात ‘बाईंचा वर्ग’ म्हणून विचारले की घर सापडते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून माझी चौथीतली नात दिवाळीनंतर या वर्गाला जाऊ लागली. तिला सोडायला गेलो की बाईंच्या परवानगीने मी पडवीच्या कडेला बसत असे. जे पाहिले आणि बाईंशी जे बोलणे झाले, त्याच्या आधारे हे लिहीत आहे.

‘अमेरिकेची पद्धत’ एवढेच ऐकून येणाऱ्या पालकांना येथे पहिल्या दिवशी थोडे चुकल्यासारखे वाटते. मूल फाडफाड इंग्रजी बोलेल, संगणकावर शिकेल, भिंतीवर मोठा पडदा असेल, अशी त्यांची अपेक्षा असते. पडवीत मात्र एक फळा, पाट्या, शब्दपट्ट्यांनी भरलेले बिस्किटांचे डबे, गोष्टींची पातळ पुस्तके आणि जाड कव्हराचे एक हजेरीपुस्तक एवढेच सामान आहे. बाईंनी अमेरिकेतून आणले आहे ते निराळेच आहे. तिथल्या शाळांचे कशामुळे बिघडले आणि जिथे सुधारले तिथे कशामुळे सुधारले, हे त्यांनी वर्गात उभे राहून पाहिलेले आहे आणि त्या अनुभवातून निवडलेल्या मोजक्या गोष्टी त्या नेमाने करतात. या वर्गाचे मोल मला त्यातच दिसते.

पहिली गोष्ट वाचनाची. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातली मुले वाचू शकत नाहीत, यावर आपल्याकडे सहसा कोणी विश्वास ठेवत नाही. परंतु तिथल्या राष्ट्रीय मूल्यमापन चाचणीत २०२४ साली चौथीतील सुमारे ४० टक्के मुले वाचनाच्या किमान पातळीच्याही खाली आढळली आणि आठवीत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के, म्हणजे चाचणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत जास्त होते. महामारीचा फटका त्यात आहेच, पण घसरण तिच्या आधीपासूनची आहे. बाईंच्या मते एक मोठे कारण शिकवण्याच्या रीतीत होते. अडलेला शब्द अक्षरे जोडून वाचण्याऐवजी चित्राकडे पाहा, पहिले अक्षर पाहा आणि वाक्यात काय बसेल याचा अंदाज करा, असे तिथल्या असंख्य शाळांत वर्षानुवर्षे शिकवले गेले. अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध क्रमवार शिकवला पाहिजे, असे तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली स्पष्ट सांगितले होते. तरीही वर्गांपर्यंत ते पोहोचायला दीड-दोन दशके लागली.

मिसिसिपी हे तिथले गरीब राज्य या बाबतीत पुढे गेले, याचा बाई वारंवार उल्लेख करतात. २०१३ साली चौथीच्या वाचनात पन्नास राज्यांत ते ४९ वे होते. त्याच वर्षी त्यांनी वाचनाचा कायदा केला. त्यानुसार बालवर्गापासून प्रत्येक मुलाची वाचनतपासणी सुरू झाली, शिक्षकांना ध्वनी-अक्षर पद्धतीचे प्रशिक्षण मिळाले, मागे पडलेल्या शाळांत शिक्षकांच्या शेजारी उभे राहून शिकवून दाखवणारे मार्गदर्शक नेमले गेले आणि तिसरीच्या अखेरीस वाचता न येणाऱ्या मुलाला पुढे न ढकलण्याचा नियम झाला. २०२४ साली हे राज्य नवव्या क्रमांकावर आले. या सगळ्यातून इतरांनी उचलायला सोपा असतो तो शेवटचा नियम, कारण मुलाला मागे ठेवायला पैसे लागत नाहीत आणि मार्गदर्शक नेमायला लागतात. आपल्याकडेही २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला थांबवण्याची वाट पुन्हा उघडली आहे. थांबवलेल्या मुलासोबत बसणार कोण, हा प्रश्न मी नोकरीत असताना विचारत होतो आणि आजही तोच विचारतो.

वर्गात हे प्रत्यक्ष कसे चालते, त्याचा एक प्रसंग सांगतो. हर्णैच्या बाजूचा चौथीतला एक मुलगा पुस्तक घेऊन बसला होता. चित्रात खलाशी होडी वाळूवर ओढत होते आणि खाली ‘होडी किनाऱ्याला लागली’ असे छापलेले होते. मुलाने एका दमात ‘होडी वर ओढली’ असे वाचले. घरी असते तर कोणालाही ते बरोबरच वाटले असते, कारण अर्थ जवळपास तोच होता. बाईंनी काही न बोलता पुठ्ठ्याचा तुकडा चित्रावर ठेवला. मुलगा ‘होडी’ म्हणाला आणि थांबला, मग ‘किना’, मग ‘किनायाला’. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “गुरुजी, चित्र झाकलं की कळतं, पोर नेमकं कुठे अडलंय ते.” अडले होते ते ‘ऱ्या’ला. त्यांनी डब्यातून ‘वाऱ्याने’, ‘खाऱ्या’, ‘पायऱ्या’ अशा पट्ट्या काढून ओळीने लावल्या, प्रत्येकीतले ते अक्षर त्याच्याकडून बोटाने गिरवून घेतले आणि मग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या. कोळ्याच्या घरातल्या मुलाला दर्या शिकवावा लागत नाही. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणताना जीभ कुठे आदळते आणि कुठे नुसती निसटते, हे त्याला स्वतःलाच सापडले आणि तो पुन्हा मूळ ओळीकडे गेला. एवढे सगळे होईपर्यंत बाकीची मुले आपापल्या पट्ट्या वाचत होती.

अमेरिकी पद्धत जशीच्या तशी येथे आणता येत नाही, हे बाईंना पूर्ण ठाऊक आहे, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात. देवनागरीत तो त्रास फार कमी आहे, पण काना-मात्रा, जोडाक्षरे आणि ‘र’ची चार रूपे यांच्यापाशी मुले थबकतात. आपली अडचण अंदाजाने वाचण्याइतकीच पाठांतराचीही आहे. गुरुजी ओळ म्हणतात, वर्ग मागून म्हणतो आणि आठवड्याभरात कविता काय, धडा काय, सगळा तोंडपाठ होतो. मूल पुस्तकावर बोट फिरवत असते, पण डोळे अक्षरांवर असतीलच असे नाही. बाई त्यावर धड्यातलीच वाक्ये उलटसुलट क्रमाने फळ्यावर लिहितात आणि मधूनच एखाद्या मुलाला चौथे वाक्य वाचायला सांगतात. हा उपाय कोणत्याही शाळेत खडूच्या खर्चात होण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट हजेरीची, आणि वर्गाचा सर्वांत मोठा गुण मी हाच मानतो. अमेरिकेत शाळेचे वर्ष साधारण १८० दिवसांचे असते. त्यातले १० टक्के किंवा अधिक दिवस, म्हणजे सुमारे १८ दिवस, जो विद्यार्थी चुकवतो त्याला दीर्घ गैरहजर धरतात. महामारीपूर्वी असे विद्यार्थी सुमारे १५ टक्के होते. २०२१–२२ मध्ये ते जवळजवळ २८ टक्क्यांवर गेले आणि त्यानंतरची उतरण संथ आहे. नोटिसा आणि दंडाने फारसे साधले नाही. कनेक्टिकट राज्याने २०२१ पासून शाळेची माणसे घरोघरी पाठवली. जाब विचारण्याऐवजी त्यांनी घरची अडचण विचारून घेतली आणि त्या मुलांची हजेरी वाढली. बाई हेच येथे लहान प्रमाणावर करतात. मूल आले नाही की त्याच संध्याकाळी घरी फोन जातो आणि फोनवर रागाचा सूर नसतो. हजेरीपुस्तकात ‘गै’ लिहून त्या थांबत नाहीत. शेजारच्या रकान्यात कारण लिहितात : लावणी, काजू, धाकटा भाऊ आजारी, एसटी आली नाही, आई मुंबईला.

त्या रकान्यामुळे पुष्कळ काही उलगडते. जुलैमध्ये लावणीला हात कमी पडतात तेव्हा मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. शिमग्यात पालखी घरोघर फिरते त्या दिवसांत कोणालाच बोलावण्यात अर्थ नसतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा पाण्यात जातात तेव्हा हर्णैकडच्या घरांचे वेळापत्रकच बदलते. बाईंनी वर्गाच्या सुट्या आणि वेळा या नोंदींवरून ठरवल्या आहेत. शाळांना शासनाच्या सुट्यांची यादी पाळावी लागते, हे मान्य आहे. तरीही गैरहजेरीचे कारण लिहून ठेवायला आणि महिन्याच्या शेवटी ते वाचायला कोणत्याही परिपत्रकाची आडकाठी नाही. केंद्रप्रमुखांनी आपल्या केंद्रात एवढे एक जरी सुरू केले तरी कोणती मुले कोणत्या महिन्यात निसटतात हे आधीच समजेल.

गटाच्या आकाराबद्दल बाई कोणतीही तडजोड करत नाहीत. एका वेळी सहा मुले, त्याहून जास्त नाहीत. यामागेही अमेरिकेचा अनुभव आहे. टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे एक मोठा प्रयोग झाला. त्यात बालवर्ग ते तिसरीच्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे १३ ते १७ च्या लहान आणि २२ ते २५ च्या मोठ्या वर्गांत वाटले गेले. लहान वर्गांतली मुले पुढे राहिली आणि गरीब घरांतल्या मुलांना त्याचा फायदा अधिक झाला. पुढे कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये राज्यभर एकदम वर्ग लहान केले तेव्हा शिक्षक पुरले नाहीत, अननुभवी आणि पात्रता नसलेल्या लोकांच्या नेमणुका कराव्या लागल्या आणि फायद्याचा बराच भाग वाया गेला. कोकणात तर चित्र उलटे आहे. कितीतरी वाड्यांवरच्या शाळांत पटच १५–२० चा आहे. लहान वर्ग आपल्याला आपसूक मिळालेला आहे, पण तिथे एक-दोन शिक्षकांवर चार इयत्ता, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणे असा सगळा भार पडतो, तेव्हा त्या लहान वर्गाचा उपयोग मुलाला होत नाही. पट कमी म्हणून शाळा बंद करण्याची चर्चा दरवर्षी होते. त्या लहान पटाचा वाचनासाठी उपयोग करून घेण्याची चर्चा मात्र मी कधी ऐकली नाही.

परीक्षांबाबत माझे बाईंशी पूर्ण जमत नाही. त्यांची परीक्षांवरची नाराजी समजण्यासारखी आहे. २००२ साली अमेरिकेत लागू झालेल्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची केली आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले प्रवीण व्हावीत असे लक्ष्य ठेवले. लक्ष्य न गाठणाऱ्या शाळांवर कारवाईची टांगती तलवार असल्यामुळे अनेक ठिकाणी विज्ञान, इतिहास, चित्रकला आणि खेळ यांचा वेळ कापला गेला. अटलांटा शहरात तर शिक्षकांनीच उत्तरपत्रिका दुरुस्त केल्या. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांतील १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे आली आणि २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस नवा कायदा येऊन जुनी सक्ती सैल झाली. हे जवळून पाहिलेली बाई गुणपत्रक देत नाही यात नवल नाही. दर पंधरवड्याला त्या प्रत्येक मुलाकडून एक मिनिट मोठ्याने वाचून घेतात, अडलेले शब्द स्वतःच्या वहीत टिपतात आणि पुढच्या पंधरवड्याच्या पट्ट्या त्यावरून ठरवतात. परीक्षेचा असा उपयोग मला शंभर टक्के पटतो. पण ती वही पालकांना दाखवली जात नाही. मूल कुठे होते आणि कुठे आले, हे आईबापांना लेखी कळले पाहिजे. महिन्याला फी देणाऱ्या, स्वतः फार न शिकलेल्या माणसाला ‘चांगली प्रगती आहे’ एवढ्यावर समाधान मानायला लावणे योग्य नाही. मी हे बाईंना सांगितले आहे.

फीचाही विचार केला पाहिजे. महिन्याला सहाशे रुपये ही रक्कम दापोलीतल्या इतर शिकवण्यांच्या मानाने जास्त नाही आणि अडचण असलेल्या घराकडून बाई घेतही नाहीत. परंतु सवलत मागायला दारात यावे लागते आणि ज्या घरांना हा वर्ग सर्वांत जास्त हवा आहे, तीच घरे मागायला येत नाहीत. आत डोंगरात असलेल्या वाड्यांवरची मुले तर संध्याकाळी परतीची गाडी नसल्यामुळे येऊच शकत नाहीत. अमेरिकेतल्या शाळांचे मूळ दुखणे बाई सांगतात तेही याच जातीचे आहे. तिथे शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा त्या-त्या भागातल्या घरांवरच्या करातून येतो, म्हणून महागड्या वस्तीतली शाळा संपन्न आणि गरीब वस्तीतली शाळा ओढगस्तीची राहते. याविरुद्ध टेक्ससमधले पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण १९७३ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, शिक्षण हा त्यांच्या संघराज्याच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही, असा निर्णय दिला. पुढचे लढे राज्याराज्यांच्या न्यायालयांत लढले गेले आणि काही राज्यांनी गरीब भागांना अधिक निधी द्यायला सुरुवात केली. आपल्या घटनेत २००२ पासून ६ ते १४ वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क लिहिलेला आहे. तो हक्क वाडीपर्यंत पोहोचवणे हे एका पडवीतल्या वर्गाचे काम नाही आणि बाईही तसा दावा करत नाहीत.

खाण्याची एक लहानशी व्यवस्था येथे आहे. शाळा सुटून थेट आलेल्या मुलांना आधी केळे किंवा उकडलेले शेंगदाणे मिळतात आणि मगच वाचन सुरू होते. अमेरिकेतल्या शाळांत दुपारच्या जेवणाचे पैसे थकले म्हणून मुलांच्या नावावर उधारी चढते, हे ऐकून मला वाईट वाटले. कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी २०२२ पासून सर्वच मुलांना शाळेत मोफत जेवण सुरू केले, ती गोष्ट आपल्या शाळांत कितीतरी आधीपासून आहे. मोबाइल दाराशी टोपलीत ठेवायचा, हा नियम पालकांनाही लागू आहे.

गणिताच्या बाबतीत मात्र वर्ग बेताचा आहे. शनिवारी सकाळी पाढे आणि हातच्याची बेरीज-वजाबाकी घेतात, पण वाचनात दिसणारी बारीक नजर तिथे दिसत नाही. केवळ गणितासाठी कोणी मुलाला पाठवू नये. पाचवीच्या शिष्यवृत्तीची तयारी हवी असेल त्यांनीही दुसरीकडे जावे. पावसाळ्यात वीज गेली की पडवीत अंधार होतो. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर एकच दिवा चालतो आणि कडेला बसलेल्या मुलाला ओळ नीट दिसत नाही. हे सहज सुधारण्यासारखे आहे.

नातीबद्दल थोडे सांगतो. शाळेत ती हुशार समजली जात होती, कारण तिचे पाठांतर उत्तम. अनोळखी मजकूर दिला की ती तोंड फिरवत असे. आता एसटीत बसल्यावर समोरच्या पाट्या, गाड्यांवरची नावे, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना असे दिसेल ते वाचते आणि अडले तर शब्द तोडून पुन्हा जोडते. त्यामागे काहीही जादू नाही. रोजचा दीड तास, तिच्या नेमक्या चुकीवर बसलेले एक माणूस आणि न चुकलेली हजेरी एवढेच त्यामागे आहे.

बाईंकडे माझे एक मागणे आहे. वर्गाची प्रतीक्षायादी मोठी आहे आणि आणखी गट वाढवणे त्यांच्या एकटीच्या आवाक्यात नाही. मिसिसिपीने जसे मार्गदर्शक शाळांत पाठवले, तसे त्यांनी आठवड्यातली एक सकाळ जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन तिथल्या शिक्षकाच्या शेजारी बसून काढावी. पट्ट्या कशा करायच्या, मिनिटाचे वाचन कसे टिपायचे, हे दोन-तीन शिक्षकांच्या हाती आले तरी त्याचा उपयोग पडवीपेक्षा कितीतरी जास्त मुलांना होईल. यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी मिळवायला मी स्वतः अर्ज लिहून देण्याची तयारी दाखवली आहे आणि बाईंनी विचार करून सांगते असे म्हटले आहे.

प्रवेश जूनमध्ये शाळा सुरू झाल्यानंतर आणि दिवाळीच्या सुटीनंतर असा दोनदा मिळतो. वेळ सोमवार ते शुक्रवार साडेचार ते सहा आणि शनिवारी सकाळी. प्रवेशाआधी बाई मुलाकडून वाचून घेतात आणि जे मूल व्यवस्थित वाचते त्याला घेत नाहीत, मग पालक कितीही आग्रह करोत. डोळ्यांचा किंवा कानाचा संशय आला तर आधी दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात तपासून यायला सांगतात. सोबत पाटी, पाण्याची बाटली आणि मुलाचे शाळेचे मराठीचे पुस्तक न्यावे. दुसरे काही विकत घ्यावे लागत नाही.